जोसेफिनच्या चित्रांत चेहरा खोटा, शाल खरी?

सांजवात:

गेले दोन महिने मी एकाच बाईची चित्रं बघतेय. नेपोलियनची पहिली बायको, फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन. निमित्त झालं आंत्वान-जाँ ग्रो या चित्रकाराच्या एका चित्राचं. १८०८-०९ च्या सुमाराचं हे चित्र आता नीस शहरातल्या मासेना संग्रहालयात आहे. बाई उभी आहे. अंगात पांढरा पायघोळ झगा, त्यावर लाल शाल, शेजारी तिच्या मुलाचा, युजेनचा, अर्धपुतळा. पण माझी नजर चेहऱ्यापर्यंत पोचलीच नाही, ती झग्याच्या घेरावर अडकली. तिथे ओळीनं कोयऱ्या आहेत. माझ्या आजीकडे हळदीकुंकवाची चांदीची कोयरी होती, टोक जरासं एका बाजूला कललेलं, अगदी तोच आकार. मागाहून वाचलं तेव्हा कळलं की तो झगा काश्मिरी शालीचा बेतलेला आहे.

मग तिची बाकीची चित्रं शोधत गेले. जेरारनं १८०१ मध्ये काढलेली, पॅरिसजवळच्या माल्मेझोंच्या घरात दिवाणावर बसलेली जोसेफिन (हे चित्र आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे). प्रुदोंचं १८०५ चं, बागेतलं. दाविदचं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं ते अवाढव्य चित्र, ज्यात ती गुडघे टेकून बसलीय. आणि ग्रोचं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सात-आठ वर्षं उलटलीत. बाईचा जन्म १७६३ चा, म्हणजे ती पंचेचाळिशीला टेकली. चेहरा मात्र होता तिथेच. राज्याभिषेकाच्या दिवशी, २ डिसेंबर १८०४ ला, ती ४१ वर्षांची होती. दाविदनं तिथे विशीतली मुलगी बसवलीय. तिचे दात खराब होते आणि ती ओठ मिटून हसायची, असं तिला जवळून पाहिलेल्यांनी लिहून ठेवलंय. या चारही चित्रांत ओठ मिटलेलेच आहेत, आणि त्यातून दातांचा त्रास दिसत नाही, दिसते ती गूढ शांतता.

म्हणून माझं म्हणणं असं की राजघराण्यातल्या माणसाच्या चित्रात चेहरा साक्षीला धरूच नये. कापड धरावं. चेहऱ्यावर चित्रकाराचं पोट अवलंबून होतं, तो उजळ काढावाच लागे. कापडाचं तसं नव्हतं. शाल खऱ्या काश्मिरी विणीची आहे हे बघणाऱ्याला ओळखू आलं पाहिजे, नाहीतर ती अंगावर घेण्यात अर्थच उरत नाही. त्यामुळे काठ, वीण, कोयरीचं वळण, शालीचा पडलेला झोल, हे सगळं चित्रकार प्रामाणिकपणे उतरवतो. जोसेफिन कशी दिसायची ते या चित्रांतून मला कळत नाही. ती काय विकत घेत होती ते नेमकं कळतं. तुम्हाला काय वाटतं?

रंगपेटी:

सांजवातताई, धागा छान काढलात, पण मला तुमचं म्हणणं मुळातच पटलेलं नाही. मी तीस वर्षं मुलांना व्यक्तिचित्रण शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उजळलेला चेहरा आणि खोटा चेहरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रुदोंचं चित्र घ्या. लूव्रमध्ये आहे, २४४ बाय १७९ सेंटिमीटर, म्हणजे पुरुषभर उंचीहून मोठं. १८०५ सालचं, म्हणजे राज्याभिषेक नुकताच झालेला. बाई सम्राज्ञी झालीय, आणि प्रुदों तिला कुठे बसवतो? माल्मेझोंच्या बागेत, झाडांच्या काळोखात, दगडावर. सिंहासन नाही, राजवस्त्र नाही. ती एका अंगावर रेललीय, नजर आपल्याकडे नाही, कुठेतरी बाजूला लागलीय. या चित्रात सुरकुती नसेल, पण मूल होत नाही म्हणून जिचं आसन डळमळीत आहे अशा बाईची अस्वस्थता मला त्या बसण्यात दिसते. तिला पहिल्या लग्नाची दोन मुलं होती, नेपोलियनपासून एकही झालं नाही, आणि गादीला वारस हवा होता. हे तेव्हा पॅरिसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, प्रुदोंलाही.

माणसाचं खरेपण नाकाच्या शेंड्यावर नसतं. ते मान कशी वळलीय, खांदा कुठे सैल पडलाय, हात कशाला टेकलाय, यात असतं. वर्गात मी पहिल्या दिवशी मुलांना चेहरा काढूच देत नाही, आधी नुसतं बसणं काढायला लावतो. प्रुदोंची जोसेफिन बसण्यातून कळते. आणि हो, तिच्याजवळ तीच लाल शाल पसरलीय. तुमच्या हिशेबानं तेवढी शालच खरी धरायची आणि त्या बाईला सोडून द्यायचं?

तळटीप:

रंगपेटी सर, आपला आदर राखून लिहितो. प्रुदोंबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. पण या चर्चेत दाविदला असे सहज सोडून चालणार नाही. लोकांच्या मनात जोसेफिन म्हटले की प्रुदों येत नाही, राज्याभिषेक येतो. ६.२१ मीटर उंच, ९.७९ मीटर रुंद. शाळेच्या पुस्तकांपासून चहाच्या कपांपर्यंत तेच चित्र छापलेले.

त्यात काय काय बदलले आहे ते पाहा. नेपोलियनची आई लेतिझिया चित्राच्या मधोमध सज्जात बसलेली आहे. प्रत्यक्षात ती त्या दिवशी राज्याभिषेकाला, पॅरिसच्या नोत्रदाम चर्चला, आलीच नव्हती, रोममध्ये होती. मुलांमधल्या भांडणात तिने नेपोलियनचा भाऊ ल्युसिएन याची बाजू घेतली होती. पोप सातवे पायस प्रथम मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेले काढले होते. नेपोलियनला ते रुचले नाही. पोपला एवढ्या लांबून काही न करण्यासाठी बोलावले नव्हते, असा त्याचा मुद्दा. मग पोपचा हात आशीर्वादासाठी उचलला गेला. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे दाविदने आधी नेपोलियन स्वतःच्या डोक्यावर स्वतः मुकुट ठेवतो आहे असे रेखाटले होते, एका हाताने तलवार छातीशी धरलेली. ते रेखाटन लूव्रमध्ये आजही आहे. ते उद्धट दिसेल म्हणून बदलले. आता चित्रात तो मुकुट जोसेफिनच्या डोक्यावर ठेवतो आहे.

म्हणजे जोसेफिन त्या चित्राच्या मध्यभागी का आहे? ती महत्त्वाची म्हणून नव्हे. नवऱ्याचा उद्दामपणा झाकायला एक गुडघे टेकलेली बाई हवी होती म्हणून. हा साधा चेहरा उजळण्याचा प्रकार नाही, इतिहासाची कागदपत्रे बदलण्याचा आहे. त्यामुळे मी सांजवात यांच्यापेक्षाही पुढे जाऊन म्हणतो की नुसता चेहराच नव्हे, मांडणीसुद्धा साक्षीला धरू नये.

रंगपेटी:

तळटीप, "कागदपत्रे बदलली" हे फार झालं. नेपोलियननं आधी स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि मग जोसेफिनच्या डोक्यावर ठेवला. दोन्ही गोष्टी त्या दिवशी घडल्या. घडलेल्या दोन क्षणांपैकी दाविदनं दुसरा निवडला, आणि तसं सुचवलं त्याचाच शिष्य जेरार यानं. याला खोटं कसं म्हणायचं? नाटकाचा पडदा कुठल्या प्रवेशावर पाडायचा हे दिग्दर्शकच ठरवतो.

आणि दाविदनं त्या बाईवर उपकारच केलेत. नेपोलियनच्या बहिणींना तिचं तोंड बघवत नव्हतं. समारंभात तिच्या राजवस्त्राचा मागे लोळणारा घोळ त्यांनी धरायचा असं ठरलं, तर त्यांनी घरात केवढा कांगावा केला. चित्रात बघा, बहिणी डावीकडे रांगेत नुसत्या उभ्या आहेत आणि घोळ धरलाय दोन मानकरणींनी. त्या दिवसातला सगळा जाच चित्रातून गाळलाय. जोसेफिनला हे चित्र बघून बरंच वाटलं असणार.

तळटीप:

सर, "जाच गाळला" हाच माझा आक्षेप आहे. ज्यांनी छळले त्यांना सुंदर झगे घालून रांगेत उभे करणे हा उपकार नव्हे. पुढच्या पिढीला वाटते, किती एकोप्याने झाला सोहळा.

आणि दाविदच्या उपकाराचा शेवट काय झाला तेही पाहा. याच मालिकेतले दुसरे प्रचंड चित्र म्हणजे सैन्याला गरुडध्वज वाटण्याचा सोहळा, जो राज्याभिषेकानंतर तीन दिवसांनी, ५ डिसेंबर १८०४ ला झाला. त्या सोहळ्यात जोसेफिन होती. दाविदच्या आधीच्या रेखाटनात ती आहे. चित्र पुरे होता होता डिसेंबर १८०९ मध्ये नेपोलियनने तिच्याशी काडीमोड घेतला. हुकूम सुटला की तिला काढा. दाविदने काढली. १८१० मध्ये चित्र तयार झाले तेव्हा सम्राटाच्या मागे जिथे ती होती तिथे जागा मोकळी राहिली. ती भरायला दाविदने तिथे उभ्या असलेल्या एका पुरुषाचा पाय लांब केला. तो पुरुष कोण? युजेन. तिचा स्वतःचा मुलगा.

व्हर्सायला आहे हे चित्र. त्या ताणलेल्या पायाकडे मी पडद्यावर मोठे करून कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. आईच्या जागी मुलाची पोटरी. सांजवातताई, तुमचा धागा वाचला तेव्हा आधी तेच आठवले, कारण ग्रोच्या चित्रात तोच मुलगा अर्धपुतळा होऊन आईच्या शेजारी आहे.

सांजवात:

तळटीप, हे मला ठाऊक नव्हतं. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आत्ता बघितलं चित्र. पाय खरंच विनाकारण लांब आहे.

कोकणकडा:

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला एक कळत नाही. चित्राला चित्र म्हणून बघायचं की पोलीस पंचनामा म्हणून? मी दोन वर्षांपूर्वी लूव्रमध्ये राज्याभिषेकाच्या चित्रासमोर उभा होतो. आई कुठे होती, पोपचा हात कधी उचलला, यातलं काही मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसला तो प्रकाश. सगळ्या गर्दीतून वाट काढत तो बरोबर त्या गुडघे टेकलेल्या बाईच्या मानेवर आणि पाठीवर येऊन थांबतो. दीडशेच्या वर माणसं रंगवलीत आणि तरी नजर चुकत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. तो काटाही खोटा होता का? मला तसं वाटत नाही. चित्रकारानं बाईला एका क्षणापुरतं का होईना, सगळ्या युरोपच्या मधोमध आणलं. ते त्याच्या हाताचं काम आहे, नेपोलियनच्या हुकमाचं नव्हे.

मागावरची:

मी येवल्याची. घरात तिसरी पिढी पैठणीच्या मागावर. तुमच्यासारखी चित्रं मला कळत नाहीत, पण शालीवर एवढं लिहिलंय तर मला बोलू द्या.

सांजवातताई, शाल खरी असं तुम्ही म्हणता. मी ग्रोचं चित्र मोठं करून पाहिलं. शाल काढलीय मन लावून, यात वाद नाही. पण त्या काठाचं काम कसं होतं ते सांगते, मग बघा ती खरी वाटते का.

काश्मिरी काणी शालीत नक्षी भरतकामानं होत नाही, विणतानाच होते. आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातच नाही. प्रत्येक रंगाची वेगळी काडी, तिच्यावर तेवढ्यापुरतं सूत. रंग बदलला की ती काडी तिथेच सोडायची, दुसरी घ्यायची, दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे आणि पुढे जायचं. आमच्या पैठणीच्या पदरातही असंच असतं, छोट्या छोट्या कांड्या लोंबत असतात. फरक एवढाच की आमचं काम रेशीम आणि जरीचं, तिकडे पश्मिना, लडाख-तिबेटकडच्या शेळ्यांच्या पोटाजवळची बारीक लोकर, श्वास लागला तरी हलणारी. विणकरासमोर नक्षीचा कागद नसतो. एक जण सांकेतिक खुणांत लिहिलेला तालीम वाचत जातो, अमुक रंग इतक्या धाग्यांवर, तमुक रंग इतक्या, आणि विणकर ऐकून काड्या फिरवतात. बारीक कामाच्या एका शालीला वर्ष, दीड वर्ष लागायचं. आमच्याकडे भरगच्च पदर असला की दिवसभरात बोटभर पुढे सरकतो आणि संध्याकाळी डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून मला कल्पना आहे.

आता ही शाल त्या बाईनं कापली. कापून झगा केला. मी हे वाचलं तेव्हा माझा हात थांबला. तिच्या पदरी असलेल्या मादाम द रेम्युझा यांनी आठवणींत लिहिलंय म्हणे की तिच्याकडे तीन-चारशे शाली होत्या, त्यांचे झगे शिवायची, पलंगपोस करायची, कुत्र्यासाठी उशा करायची. तीन-चारशे शाली म्हणजे किती माणसांची किती वर्षं, तुम्हीच हिशेब करा.

त्या वेळी काश्मीरवर अफगाणांचा अंमल होता. प्रत्येक शालीवर शिक्का मारून कर घ्यायचे, दाग-शाल म्हणायचे त्याला. विणणाऱ्याच्या हातात काय उरत असेल? ग्रोच्या चित्रात तो शिक्का नाही, तो विणकर नाही, त्याचे डोळे नाहीत. मग शाल खरी कशी? चेहऱ्याच्या सुरकुत्या जशा पुसल्या तसा शालीवरचा घामही पुसलाच की. तुमचं चेहऱ्याबद्दल जे म्हणणं आहे तेच माझं शालीबद्दल.

सांजवात:

मागावरची, तुमचं वाचून मी आधी गप्पच बसले. "ती काय विकत घेत होती ते कळतं" असं मी लिहिलं, आणि कोणी विणलं हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. कोयरी ओळखीची दिसली म्हणून ती आपलीच झाली असं मी धरून चालले.

तरी एक विचारते, भांडण म्हणून नाही. ग्रोनं ती शाल इतकी नीट काढली नसती तर आज येवल्यातल्या मागावर बसून तुम्ही तिची वीण ओळखू शकला असतात का? शाली झिजल्या, फाटल्या, वाटल्या गेल्या. रंगवलेली शाल राहिली.

मागावरची:

वीण नाही ओळखली. नक्षी ओळखली. वीण चित्रात दिसत नाही, ती उलट्या बाजूनं दिसते.

रोनकाठ:

मी गेली अकरा वर्षं ल्योंमध्ये राहतो. हे रेशमाचं शहर, जाकारनं १८०४ च्या सुमारास आपला माग इथेच बनवला. काश्मिरी शाली महाग पडतात म्हटल्यावर फ्रान्सनं त्यांची नक्कल विणायला घेतली, आणि तेर्नो या कारखानदारानं तर पुढे आशियातून शेळ्याच आणवल्या. मागावरची म्हणतात ते अर्धं चित्र इकडे पूर्ण होतं. १८७०-७१ च्या लढाईत फ्रान्स जर्मनांपुढे हरला, शालींची हौस संपली, आणि उपासमार काश्मीरच्या विणकरांच्या घरी आली. इकडची फॅशन आणि तिकडची चूल एकाच धाग्याला बांधलेली होती.

पण मला वेगळंच सांगायचंय. या धाग्यात सगळे जण पॅरिस आणि काश्मीरबद्दल बोलताहेत. जोसेफिन मार्तिनिकची होती, याबद्दल कोणीच लिहिलेलं नाही. कॅरिबियन समुद्रातलं बेट, त्र्वा-इले गाव, वडिलांचा उसाचा मळा आणि त्या मळ्यावर राबणारे गुलाम. फ्रान्सनं १७९४ मध्ये गुलामी रद्द केली होती, पण मार्तिनिक तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात गेलं, म्हणून तिथे ती सुटलीच नाही. बेट परत मिळालं तेव्हा नेपोलियननं २० मे १८०२ च्या कायद्यानं गुलामी तशीच चालू ठेवली. ती मिटली थेट १८४८ मध्ये. तिच्या दातांची गोष्ट वर आली आहे. बेटावर उसाच्या मळ्यात वाढलेली मुलगी, दात का गेले असतील ते मुद्दाम सांगायला नको. साखर पिकवणाऱ्यांच्या पाठी कशा होत्या ते मात्र एकाही चित्रात नाही.

तिचा एक संगमरवरी पुतळा मार्तिनिकच्या राजधानीत, फोर-द-फ्रान्समध्ये होता. १८५९ मध्ये तिचा नातू तिसरा नेपोलियन गादीवर असताना बसवलेला, व्हिताल-द्युब्रे या शिल्पकाराचा. चेहरा खाडीपलीकडे तिच्या जन्मगावाकडे. १९९१ मध्ये कोणीतरी रात्रीतून त्याचं डोकं उडवलं आणि मानेवर लाल रंग ओतला. ते डोकं पुन्हा बसवलं नाही. जवळपास तीस वर्षं ती बिनडोक्याची सम्राज्ञी बागेत उभी होती, आणि २६ जुलै २०२० ला लोकांनी तो पुतळा दोर लावून पाडला.

माझं मत सांगतो. बिनडोक्याचा तो पुतळा हे जोसेफिनचं सगळ्यांत खरं चित्र होतं. दाविदचं नाही, प्रुदोंचंही नाही. त्यात पहिल्यांदाच तिच्या मळ्यावरच्या माणसांच्या पणतवंडांचा हात लागला होता.

रंगपेटी:

रोनकाठ, हे मी मान्य करणार नाही. शिल्पकारानं महिनोन्महिने छिन्नी चालवून घडवलेली गोष्ट फोडणं म्हणजे तिच्यात "हात लागणं" नव्हे. उद्या कोणी प्रुदोंच्या चित्रावर सुरी चालवेल आणि तेही खरं म्हणाल का? रागाचं कारण मला समजतं. पण राग म्हणजे कला नव्हे. आणि ज्या १८०२ च्या कायद्याबद्दल तुम्ही लिहिलंत तो नेपोलियनचा. जोसेफिननं त्यासाठी शब्द टाकला असा कागद कोणाला सापडलेला नाही. नवऱ्याच्या पापासाठी बायकोचं डोकं?

रोनकाठ:

कागद नाही, बरोबर. मळा मात्र होता, आणि त्याचं उत्पन्न खाल्लेलं घर होतं. तिच्यावर खटला चालवा असं मी म्हणत नाही. चौकात उंच चौथऱ्यावर उभं करून त्या बेटाला तिच्याकडे मान वर करून बघायला लावलं, त्याबद्दल बोलतोय. संग्रहालयातलं चित्र आपण तिकीट काढून बघायला जातो. चौकातला पुतळा रोज बघावाच लागतो, भाजी आणायला जातानासुद्धा. दोन्हींना एक नियम कसा लावता?

तळटीप:

या मुद्द्यावर मी रंगपेटी सरांच्या बाजूला आहे, हे स्वतःलाही नवल वाटते. दाविदने हुकुमावरून तिला चित्रातून पुसले ते जर मला चुकीचे वाटते, तर लोकांनी पुतळा पुसला ते बरोबर कसे म्हणू? पुसणारा कोण यावर माझे मत बदलता कामा नये. बिनडोक्याचा पुतळा तसाच ठेवून शेजारी पाटी लावायला हवी होती. आता पाडल्यावर डोके उडवल्याची खूणही गेली. म्हणजे रोनकाठ ज्याला खरे चित्र म्हणतात तेही नाहीसे झाले.

रोनकाठ:

तळटीप, यात तथ्य आहे. मलाही तो अर्धवट अवस्थेतला पुतळाच जास्त बोलका वाटायचा. पण ठेवायचा की पाडायचा हे ल्योंमध्ये बसून मी आणि पुण्या-मुंबईत बसून तुम्ही ठरवावं, हे मला पटत नाही. तिथल्या लोकांनी ठरवलं.

रंगपेटी सरांसाठी एक गोष्ट. गियोम लेतिएर हा चित्रकार आपल्याला माहीत असेलच. जन्म १७६० चा, ग्वादलूप बेटावर. बाप फ्रेंच, आई गुलामीत जन्मलेली मिश्रवंशीय बाई. हाच मुलगा पुढे पॅरिसमध्ये मोठा चित्रकार झाला आणि १८०७ मध्ये त्यानं सिंहासनावर बसलेल्या, राजवस्त्रांतल्या जोसेफिनचं चित्र काढलं. व्हर्सायला आहे. मळेवाल्याच्या मुलीला गुलाम बाईच्या मुलानं रंगवलं. दोघांचंही बालपण त्याच समुद्रावरचं, त्याच उसाचं. याच लेतिएरनं १८२२ मध्ये हैतीच्या स्वातंत्र्याचं एक मोठं चित्र काढून त्या देशाला भेट दिलं आणि सहीत आपण ग्वादलूपला जन्मलो हे ठळकपणे लिहिलं. आता सांगा, त्याच्या जोसेफिनकडे "चित्र म्हणून" बघताना हे सगळं बाहेर ठेवायचं का? मला तर ते माहीत झाल्यावर चित्र मोठं झालेलं दिसलं.

कोकणकडा:

रोनकाठ, हे वाचून माझं आधीचं म्हणणं थोडं मागे घेतो. पंचनामा नको असं मी लिहिलं होतं. पण लेतिएरची गोष्ट म्हणजे पंचनामा नव्हे. ती कळल्यावर चित्रातली बाई आणि चित्रापुढे कुंचला धरून बसलेला माणूस, दोघंही एकदमच दिसायला लागले. दाविदच्या चित्रापुढे आलेला काटा मात्र मी सोडणार नाही.

रंगपेटी:

लेतिएरचं चित्र मी आजवर "थंड आणि दरबारी" म्हणून मुलांना दाखवत आलो. त्याच्या आईबद्दल मला माहिती होती, पण या चित्राला ती कधी जोडून पाहिली नाही. पुढच्या वर्गात जोडून दाखवीन. त्यातही बसणं बघा असंच सांगणार, कारण पाठ सरळ, हात ताठ, प्रुदोंच्या चित्रात सैल पडलेला खांदा इथे कुठेच नाही. एकाच बाईचं बसणं दोघांनी इतकं वेगळं का पाहिलं, हा प्रश्न मुलांना घालण्यासारखा आहे.

पुतळ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

सांजवात:

धागा माझा, म्हणून माझं काय झालं ते सांगते. "शाल खरी" हे वाक्य मी मागे घेते. "चेहरा खोटा" हे मात्र घेत नाही. रंगपेटी सर, प्रुदोंचं बसणं मी पुन्हा पाहिलं आणि तुमचं बरोबर आहे, त्यात बाई आहे. पण ती मानेखाली आहे. मानेवरती अजूनही तीच, वय न झालेली बाहुली आहे.

आणि युजेनच्या पायाबद्दल. जोसेफिन २९ मे १८१४ ला माल्मेझोंच्या घरी वारली. ते दुसरं चित्र तिनं कधी पाहिलं का, ते मला कुठे सापडलं नाही. सारखं वाटत राहतं की तिनं ते पाहिलेलं नसावं.

मागावरची:

ताई, मी ग्रोच्या चित्रातली ती कोयरी आलेखाच्या कागदावर उतरवायला घेतली आहे. पदरात घालून बघायची आहे. चित्रात तिचं टोक अगदी थोडं वळलंय, आपल्या हल्लीच्या कोयरीसारखं पार गुंडाळलेलं नाही. त्या वेळी ती अजून फुलाच्या रोपासारखीच असायची, खाली बुंधा, वर झुकलेला शेंडा. काश्मिरात तिला बूटा म्हणतात. इंग्रजीत पेझ्ली म्हणतात, म्हणजे स्कॉटलंडच्या ज्या गावानं नक्कल विणली त्या गावाचं नाव नक्षीला लागलं.

आमच्याकडे नवी नक्षी आली की तिला नाव लागतं, व्यापारी नावानंच मागतो. माझा भाऊ म्हणतो "जोसेफिन कोयरी" ठेव, खपेल. मी नाही म्हटलंय. वहीत "काश्मिरी कोयरी" लिहिलंय. पहिला तुकडा उतरला की उलट्या बाजूचा फोटो इथे टाकते.